पाटीतला फोन

"जाळां शिवता येता रे दाजी, कासव नाय."

नवऱ्याचं, महादूचं हे बोलणं सुगंधाच्या कानात राहिलं होतं. बोलणारा राहिला नव्हता. थोरल्या भावाच्या, दाजीच्या कोऱ्या जाळ्यात कासव गुरफटलं, तेव्हा महादूनं जाळं सुरीनं कापलं, कासवाच्या पाठीवर कुंकू लावलं आणि त्याला दर्याला दिलं. त्या दिवसापासून दाजीनं भावाशी बोलणं टाकलं. कार्तिकात वादळ आलं. महादूची होडी परतली नाही.

आज वर्षानं सुगंधा डोईवर म्हावऱ्याची पाटी घेऊन दाजीच्या दारातल्या खळ्यात आली. पाटीत मासळी नव्हती, गावभरचे जुने मोबाईल होते. बरोबर शाळेतल्या गौरजाबाई. हे फोन उकिरड्यावर टाकले तर मातीत, पाण्यात विष उतरतं. शहरात पाठवले तर ते नीट सुटे करतात, आणि त्या पैशांतून किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांभोवती कुंपण घालता येईल, असं बाई दारोदार सांगत होत्या.

दाजी ओट्यावरून हलला नाही. बायकोकडे, पार्वतीकडे बघून म्हणाला, "घोवाक दर्यान खाल्ल्यान, नि ही कासवां पोसूक इली."

सुगंधानं ते गिळलं. बुडताना महादूनं कुणाला फोन लावला होता का, एवढंच तिला वर्षभर हवं होतं. विचारलं की दाजी एकच सांगे, आपला फोन वादळाच्या आधीच मेला होता.

मेलेली वस्तू घरात कशाला, असं वाटून पार्वतीनं फळीवरच्या डब्यातून दोऱ्यानं गुंडाळलेला दाजीचा फोन काढला आणि दाजी उठेपर्यंत बाईंच्या हाती दिलासुद्धा. फोन धाडण्याआधी आतली नावं पुसायची, हा बाईंचा नियम. त्यांनी ओट्यावरच्या प्लगला चार्जर लावला.

जरा वेळानं फोन वाजत उजळला.

दाजीनं झडप घालून तो मुठीत आवळला. चार्जरची तार भिंतीपर्यंत ताणली गेली. बोटांच्या फटींतून हिरवा उजेड येतच होता.

"मेललो ना, दाजीनू?" सुगंधा म्हणाली. "मगे मुठीत काय धरल्यात?"

दाजी खाली बसला. फोनकडे न बघता, तिच्याकडेही न बघता म्हणाला,

"सात येळा वाजलो. मिया तांच जाळां शिवीत होतंय."