अंगठ्याचा कागद

रचनाच्या एका हातात शाईचा पॅड होता, दुसऱ्या हातात कागद. 'आमच्या जबाबदारीवर पेशंटला घरी नेत आहोत.' खाली अंगठ्यापुरती जागा कोरी होती.

"घे पटकन," डॉ. परेश वैतागून म्हणाले. "अर्धा तास समजावतोय. प्रेशर एकशे ऐंशीवर गेलंय, कधीही झटके येतील. मोठ्या दवाखान्यात न्यायलाच हवं, गाडीही दारात उभी आहे. पण या बाईंचं एकच, न्हाय म्हणजे न्हाय."

बाकावर सोमी बसली होती. आठवा महिना, पाय टम्म सुजलेले. तिची आई बुधी तिचा दंड धरून उभी होती. दोघी म्हसळ्यापलीकडच्या कातकरी वाडीतून चालत आल्या होत्या. बुधी डॉक्टरांकडे बघतही नव्हती. मान खाली घालून लेकीशी आपल्या बोलीत पुटपुटत होती. डॉक्टरांना वाटलं, शिव्या देतेय.

रचनाला शब्द न् शब्द कळत होता.

तीही कातकरीच. कॉलेजात पहिल्याच दिवशी यादीतली तिच्या नावापुढची जमात सगळ्यांनी वाचली होती. मग पोरं मागून 'कोटा' म्हणून हाक मारायची. उत्तर बरोबर आलं तरी हसायची. म्हणून इंटर्नशिपला या दवाखान्यात आल्यावर तिने ठरवलं, नुसतं पवार सांगायचं. पवार कुणीही असतं. इथे लोक तिला पहिल्यांदा 'डॉक्टर' म्हणत होते. तोंड उघडलं की ते संपणार होतं.

बुधी लेकीला सांगत होती, "तुझ्या बहिणीला अशीच गाडीत घालून नेली. मला फाटकावर ठेवली. दोन दिवस बाहेर बसले नि मेलेली पोर हातात दिली. तुला एकटी न्हाय सोडायची."

म्हणजे तिला उपचार नको नव्हते. तिला लेकीबरोबर जायचं होतं.

रचनाने जाधव सिस्टरांकडे पाहिलं. वॉर्डात बावीस वर्षं काढलेली बाई; काहीतरी मार्ग काढेल. सिस्टर ट्रेमधल्या सुया नीट लावत राहिल्या.

बुधीने अंगठा पॅडवर दाबला. निळा अंगठा कागदाकडे आला, आणि रचनाने कागद मागे ओढला. ती बुधीसमोर फरशीवरच बसली. कातकरी बोलीत ती म्हणाली, "आये, तूपण गाडीत बसशील. मी बरोबर येते. तुला हिच्या खाटेशी नेल्याशिवाय मी हलणार न्हाय."

डॉ. परेश बघतच राहिले.

"आपल्यातली हायेस?" बुधीने विचारलं.

"व्हय."

बुधीने लेकीचा दंड सोडला.

संध्याकाळी मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. मुलगी झाली. अशक्त होती, पण रडली. पुढचे दोन दिवस बुधी सोमीच्या खाटेशी होती.

तिसऱ्या दिवशी रचना परतली. वॉर्डबॉयने तिला नेहमीसारखं 'डॉक्टर' म्हटलं नाही. नुसता बघत राहिला. ती मान खाली घालून पुढे निघाली, तोच जाधव सिस्टरांनी तिला औषधांच्या खोलीत ओढलं आणि दार लावलं.

"माझी प्राप्ती बारावीला आहे," त्या घाईघाईने म्हणाल्या. "डॉक्टर व्हायचंय तिला. रविवारी घरी येशील? बोलशील तिच्याशी?"

"येईन की. काय बोलू?"

"काहीही लपवू नकोस म्हणून सांग. लपवायला मीच शिकवलंय तिला."

रचनाला काही उमगेना. सिस्टरांनी कडी पुन्हा एकदा चाचपून पाहिली. मग त्या बोलल्या, आणि त्या मराठीत बोलत नाहीत हे रचनाच्या क्षणभर लक्षातच आलं नाही.

"त्या दिवशी बुधी काय म्हणत होती, ते मलापण कळत होतं गं पोरी."