वजनाला अस्सल

२०१९ साली काकांनी ऑनलाइन अगदी स्वस्तात पॉवर बँक मागवली.

"नकली असणार," काकू म्हणाल्या.

काकांनी ती तळहातावर तोलली. "वजन बघ, अस्सल आहे! मी गेलो तरी माझा फोन हिच्यावर चार्ज ठेव, तुझ्याशी बोलायचं असेल."

काका गेले. काकूंनी चार वर्षं तो फोन बंद पडू दिला नाही. मग नकली पॉवर बँक पेट घेते असं ऐकून त्या ती फोनला जोडलेलीच घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. त्याने झाकण उघडलं, तर आत नुसती वाळू.

"काकू, हिच्यात बॅटरीच नाही! फोन चालतो कसा?"

"झाकण लावून दे बाबा."

दुरुस्तीवाल्याने पुढे ते काम सोडलं. काकू मागल्या वर्षी वारल्या. घराला कुलूप लावताना लेकीने आईचाही फोन त्याच पॉवर बँकेला जोडला.



ती कधी आईला फोन लावते, कधी बाबांना. दोन्ही बिझी लागतात.