थकलेला हात

"हात थकला वाटतं, बाबा?" तालावर नाचत लढायच्या कापोएराच्या रिंगणातून धापा टाकत जांदिरा म्हणाली. तिच्या म्हाताऱ्या बापाने, आन्सेल्मोने, ऐन सरावात बेरिंबाउची लय पुन्हा उतरवली होती. "उद्यापासून स्पीकर लावते. तो थकत नाही."

"तो बघतही नाही," एवढंच बोलून त्याने ते एकतारी धनुष्य खुंटीला टांगलं.

पहाटे तो गेला.

सातव्या दिवसाची प्रार्थना उरकून तिने वर्ग उघडला आणि स्पीकरवर जलद गाणी लावली. वाल्मीर आणि तेओ खेळायला उतरले. एक लाथ गालाला चाटून गेली. त्या लाथेला आलेलं उत्तर खेळातलं नव्हतं. दोघांना धाप लागलेली, डोळ्यांत राग, आणि गाणं आपलं तसंच धावत होतं.

"पुरे रे." कुणी ऐकलं नाही.

तिने स्पीकर बंद केला, खुंटीवरचं बेरिंबाउ ओढून घेतलं. आधी त्यांच्याच वेगात वाजवलं. मग त्यांच्या पायांवर नजर ठेवून लय हळूहळू उतरवत नेली. पाय उतरले, मग श्वासही.

"ताई, हात थकला वाटतं?" तेओ धापा टाकत हसला.

जांदिराने बापाच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं.

"दमलेली मी असायचे, बाबा," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "तुम्ही नाही."