बरी आहे
गुडघ्यांची तपासणी दुसऱ्या मजल्यावर ठेवणाऱ्याच्या अकलेला दंडवत! लिफ्ट बंद, म्हणून आईला पाठुंगळीवर घेऊन मी जिना चढले. तिला बाकावर टेकवते न टेकवते तोच रुग्णांचं रोजचं जगणं कसं चाललंय याची पाहणी करणाऱ्या बाई फॉर्म घेऊन हजर. "आजी, तब्येत कशी आहे?" "बरी आहे." आईला कुणीही, कधीही विचारा, ती हेच सांगते, बाबा गेले त्या दिवशीही हेच म्हणाली होती. बाईंनी 'उत्तम'वर खूण केली. "झोप लागते?" "बरी लागते." पुन्हा उत्तम. "जिना चढता येतो?" आई हसली. "आले की वर!" तिसरी खूण पडायच्या आत मी पेन हिसकावलं. "अहो, ती नाही, मी चढलेय!" "तुमच्यासाठी रकाना नाही," बाई म्हणाल्या. टाळकंच सरकलं. पेन त्यांच्या हातात कोंबलं. "उतरताना हिला तुम्ही पाठीवर घ्या. खाली पोचलात, की लिहा उत्तम!"