उन्हाचं मलम

सायीच्या आईनं मलमाची डबी टेबलावर ठेवली. बोट फिरवून फिरवून ती आतून लख्ख झाली होती. एडिविना सिस्टरला बरं वाटलं. सरोवराकाठच्या म्वांझा शहरातल्या या दवाखान्यात दर तीन महिन्यांनी सत्तर-ऐंशी माणसं येतात, जन्मतःच अंगात रंग नसलेली. काळ्या आईबापांच्या पोटी पिवळ्या केसांची, दुधासारख्या कातडीची. ऊन त्यांना भाजून काढतं आणि तिशीच्या आतच कित्येकांना कातडीचा कॅन्सर गाठतो. उन्हापासून वाचायला मलम फुकट मिळतं, तरी कुणी अर्धी डबी तशीच परत आणतं, कुणी शेजारणीला तोंडाला लावायला देऊन टाकतं. सायीची आई तशातली नव्हे.

डॉक्टरांनी नुकतीच सोळा वर्षांच्या सायीची मान चाचपली होती. कानामागची गाठ मानेत उतरली होती. त्यांनी दार-एस-सलामच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी लिहिली आणि सिस्टरला इंग्रजीत सांगितलं, की आता उशीर झालाय, वर्षभर काढलं तरी खूप. चिठ्ठी आपली आईच्या समाधानासाठी. सायी शाळेत जाते आणि तिथं सगळे विषय इंग्रजीतूनच शिकवतात, हे दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही.

आता ती व्हरांड्यात टोपी मांडीवर घेऊन बसली होती. टोपीची कड बाहेर उन्हात गेली तशी आई सवयीनं ओरडली, "सायी, सावलीत!" पोरगी मुकाट्यानं आत सरकली.

फाटकाशी उन्हातल्या अतिनील किरणांचा जोर आकड्यांत दाखवणारी रंगीत पाटी होती. पहारेकरी रोज सकाळी तिची सुई फिरवायचा, पण म्वांझात सुई फिरून फिरून जाणार कुठं? ढग असोत वा नसोत, दुपारचा आकडा अकरा नाहीतर बारा, सगळ्यात धोक्याच्या जांभळ्या पट्ट्यात. सायीच्या आईला पाटी तोंडपाठ होती. सरोवराकाठी ती बारीक मासळी वाळत घालते, तिथंही बायकांना पाटीवरचे रंग सांगत बसते म्हणे.

"मलम अगदी संपवलंस," सिस्टर कौतुकानं म्हणाली.

"एक रात्र चुकवली नाही, सिस्टर. दिवसभराची धूळ धुऊन काढायची आणि निजताना लावायचं, डोक्यापासून पायापर्यंत."

सिस्टरचं पेन थांबलं. "आणि सकाळी?"

"सकाळी साबणानं धुऊन टाकते. औषध लावून उन्हात कशाला धाडू? घामानं सगळं वाहून जाईल की."

एडिविनाला दोन वर्षांपूर्वीचा दिवस आठवला. रांग फाटकापर्यंत गेली होती. हीच बाई टेबलाशी उभी राहून विचारत होती, की कधी लावायचं. आणि आपण मान वर न करता म्हणालो होतो, नेहमीच्या औषधासारखं लाव गं, पुढं हो. तिला स्वतःचाच राग आला. पण आता सांगून तरी काय मिळणार होतं? ती गप्पच बसली असती.

तेवढ्यात आईच्या पाठीला बांधलेल्या बाळानं फडक्यातून डोकं वर काढलं. आठ महिन्यांचा मुलगा. केस पिवळे.

मग सिस्टरनं सांगितलं. मलम सकाळी लावायचं, उन्हात पाऊल टाकण्याआधी, आणि दुपारी पुन्हा. ढग असले तरी लावायचं. रात्री लावलं तर त्याचा काही उपयोग होत नाही. चूक माझी, मीच धड सांगितलं नव्हतं, हेही ती म्हणाली.

आईनं सगळं ऐकून घेतलं. तिनं रिकाम्या डबीचं झाकण घट्ट लावलं.

"तुम्ही तरी काय करणार," ती म्हणाली. "रांग मोठी होती."

ओरडली असती तर बरं झालं असतं, असं एडिविनाला वाटलं. तिनं नवी डबी पुढं सरकवली. आईनं लगेच झाकण काढलं, बोटांवर चांगला गोळा घेतला आणि व्हरांड्यात जाऊन सायीच्या गालाकडं हात नेला. सायीनं तिचं मनगट धरलं.

"त्याला लाव, आई. मला आता नको."

"नको म्हणजे?"

"डॉक्टर बोलले ते मला कळलंय."

आईनं वळून सिस्टरकडं पाहिलं. सिस्टरनं खाली मान घातली.

सायीनं आपली रुंद कडेची टोपी बाळाच्या डोक्यावर ठेवली. ती त्याच्या नाकापर्यंत उतरली. त्याला गंमत वाटली, टोपीच्या आत तो हसायला लागला. सायी उठली, पायऱ्या उतरली आणि तशीच बोडक्या डोक्यानं फाटकाकडं चालू लागली. तिथून सरोवर दिसतं. भर दुपार होती, सावली तिच्या पायांखालीच गोळा झाली होती.

आईनं सवयीनं तोंड उघडलं. मग मिटलं. बाळाला पाठीवरून सोडून तिनं मांडीवर घेतलं आणि बोटांवरचं मलम त्याच्या कानामागं लावू लागली.