खोकल्याचा वंशवृक्ष

ठक्, ठक्, ठक्. ओट्यावर बसून किराबो खलबत्त्यात आलं ठेचू लागली आणि घरातली शांतता मोडली.

"बारीक कर गं," तिची आई बिराब्वा आतून म्हणाली आणि खोकली. कोरड्या दिवसांत कंपालाच्या या आळीत मुरुमाची लाल धूळ घराघरात शिरते. महिना झाला, तिचा खोकला जात नव्हता. आल्याचा चहा रोज आटिम करायची. कालपासून आटिम नव्हती.

लांब उत्तरेतल्या लिराकडची ही पोर त्यांच्याकडे कामाला राहायची. काल बिराब्वानेच तिला गावच्या बसमध्ये बसवून दिलं.

इलाज नव्हता. शेजारच्या जेम्बाला डांग्या खोकला झाला होता. इवलंसं बाळ, ऑक्सिजनवर. दुपारभर आटिमच त्याला पाठीशी बांधून हिंडवायची आणि तीही ढासत होती. आळीत कुजबुज सुरू झाली. बिराब्वा कुजबुजीवर विसंबणारी नव्हती. ती जीवशास्त्र शिकलेली, संस्थेत बसून संगणकावर जंतूंची जनुकं वाचणारी.

"उगाच आळ नको," ती म्हणाली होती. "माणसामाणसातून जाताना जंतूची एखाददुसरी खूण बदलते. त्या खुणा जुळवल्या की वंशवृक्ष निघतो. कोणाकडून कोणाला, सगळं दिसतं."

तिने घरोघरी जाऊन नाकातले नमुने घेतले. तुलनेला एक निरोगी नमुना लागतो. तो काम करणाऱ्याने स्वतःचाच द्यायचा, ही संस्थेतली रीत. आईने स्वतःच्याच नाकात काडी घातलेली पाहून किराबो खो खो हसली. त्या नळीवरचं गोल शून्य तिनेच काढलं.

झाड तयार झालं. बुंध्याशी चार नंबरची नळी. आटिम.

पोर रडली नाही. बसच्या खिडकीतून एवढंच म्हणाली, "ताई, आलं जरा जास्त घालत जा. त्याशिवाय तुमचा खोकला हटायचा नाही."

"ती का चालली?" किराबोने विचारलं होतं.

"झाडाच्या बुंध्याशी जो असतो ना, आजार त्याच्यापासून निघाला. त्याला लांब जावं लागतं."

"किराबोची आई, आहेस का घरात?" जेम्बाची आई केळीच्या पानात उकडलेल्या केळ्यांचं मटोके घेऊन दारात उभी होती.

"ये. बाळ कसं आहे?"

"आज थोडं दूध ओढलं. तुझ्या त्या कॉम्प्युटरचं भलं होवो, बाई. मी त्या पोरीला लेकीसारखं जेवू घालत होते! तिच्या मावशीला फोन केला मी. म्हटलं, आता हिला कुठल्या घरात कामाला लावशील तर बघ."

बिराब्वाची मान खाली गेली. "असं कशाला केलंस? तिला काय ठाऊक होतं?"

"तुझं मन मोठं. आणि धुळीत फिरू नकोस, खोकून खोकून चिपाड झालीस."

ती गेली तोच फोन वाजला. संस्थेतला सेबुन्या.

"झाड पाहिलं तुझं. शून्य कुठाय?"

"वगळलं. नेहमीच वगळते. रिकामं असतं ते."

"रिकामं आहे हे पाहिलंस?"

बिराब्वाने संगणक पुढे ओढला.

"म्हणजे नाही पाहिलंस! घाल परत, बाईसाहेब. उद्या अहवाल वर जाणार आहे, तुझ्यापायी मला बोलणी नकोत."

"बरं, तेवढ्यासाठी माझा रविवार घालवते," ती हसून म्हणाली. निदान आटिमच्या बाबतीत कुणी शंका काढायला नको.

तिने शून्याचा नमुना पुन्हा झाडात घेतला. पडद्यावर फांद्या सरकल्या, हलल्या, थांबल्या. ती बघत राहिली. सगळं पुसून पुन्हा चालवलं. फांद्या पुन्हा तिथेच येऊन थांबल्या.

किराबो चहाचा कप सांभाळत आली आणि तिच्या खांद्यावरून डोकावली.

"आई, माझं शून्य! एवढं खाली कसं? चारच्याही खाली?"

बिराब्वाच्या घशात ढास आली. तिने रुमाल तोंडात कोंबून ती दाबायचा प्रयत्न केला, पण डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकत राहिली. किराबोने कप खाली ठेवला, तिची पाठ चोळली. आणि मग अगदी हळू आवाजात विचारलं,

"मग तू कुठल्या बसने जाणार?"