नवी बोट

निवृत्तीनंतर दोघांनी घर विकून शिडाच्या बोटीवरच संसार थाटला होता, आणि आता नवरा तीच बोट देऊन नवी घ्यायला निघाला होता. विक्रेता नवीचं कौतुक सांगत पुढे चालला होता. बायको मागून पाय ओढत येत होती.

नव्या बोटीची भिंत तिने हाताने वाजवून पाहिली. "हा तर पोकळ डबा! आपलीचं लाकूड कसं दणकट आहे. त्या वादळात दोन दिवस आपण कुणाच्या जिवावर तग धरला?"

"तिच्याच," तो म्हणाला. "पण हिचं शीड बटण दाबलं की वर जातं."

"आणि आपलं कधी अडलं? इतकी वर्षं तुम्ही दोर ओढलात, मी सुकाणू धरलं."

तो नुसता शीड वर-खाली करून बघत राहिला, एकदा नाही, चार-चारदा. तिचा धीर सुटला.

"पाया पडते तुमच्या! या वयात हे खूळ कुठून शिरलं डोक्यात? माझं घर नका हो मोडू!"

विक्रेता अवघडून बाजूला झाला. नवऱ्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले.



"माझे पाच-सहा महिनेच उरलेत गं, डॉक्टर म्हणाले. आपल्या बोटीचं शीड तुला एकटीला नाही चढवता येणार."